आधी नाव, मग पाणी

घनसावंगी

आमच्या संसारातली सगळी घरं विमलने निवडली. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचो आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळायचो. बदल्या होत राहिल्या. नव्या गावात घर बघायला आम्ही दोघं जायचो, पण बोलायची ती. मी पिशवी धरून तिच्या मागे उभा. तिची पद्धत ठरलेली होती. खोल्या बघायच्या, भाडं विचारायचं, मालकिणीशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी करायच्या, आणि सगळं जमतंय असं दिसलं की आपलं पूर्ण नाव सांगायचं. आमच्या जिल्ह्यात मगरे म्हटलं की पुढचा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही. तरी ती स्वतःहून सांगायची, आम्ही बौद्ध आहोत. आणि त्याच दमात म्हणायची, "प्यायला पाणी देता का जरा?"

पाणी कसं येतं ते ती बघायची. किती वेळ लागतो, कशातून येतं, हातात मिळतं की ओट्यावर ठेवलं जातं. एका तालुक्याच्या गावी मालकीणबाई आत गेल्या आणि प्लास्टिकचा पेला घेऊन आल्या. मागच्या मांडणीवर स्टीलचे पेले ओळीने चमकत होते. विमलने ते पाणी सगळं प्यायलं, पेला स्वतः विसळून पालथा घातला, आणि रस्त्यावर आल्यावर मला म्हणाली, "घर चांगलं हाय. पण माझी तहान न्हाई भागली." त्या गावात आम्ही शेवटी विहारामागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहिलो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस विमल गेली. आमची एकुलती मुलगी सुजाता हैदराबादच्या बाहेर, शामीरपेठच्या बाजूला, औषधांच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते आणि मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहते. तिच्या कंपनीच्या आसपास घर भाड्याने घ्यायचं आणि तिघांनी एकत्र राहायचं, हे विमलने कधीचं ठरवून ठेवलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात असताना ती मला म्हणाली, "आता घर तुम्ही बघा. पर नाव सांगून पाणी मागितल्याबिगर हो म्हनू नका." मी मान हलवली. जन्मभर मी तिच्या मागे उभा राहिलो होतो. पाणी मागायचं म्हणजे नेमकं कसं, हेही मला ठाऊक नव्हतं.

हिवाळाभर मी घरातून फारसा बाहेर पडलो नाही. वाचत होतो, पण पान उलटल्यावर मागच्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही. उन्हाळा लागला तेव्हा सुजाताचा फोन आला, की तिला आठवडाभर रजा मिळतेय, आणि वसतिगृहाची खोली महिनाअखेर सोडायची आहे. घर मिळालं तर दोघं राहू, नाही मिळालं तर ती दुसऱ्या वसतिगृहात जाईल आणि मी इथे. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. या खेपेला घर ठरवूनच परत यायचं, हे मी स्वतःला बजावलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी शांतिलालजींच्या कापड दुकानात जाऊन बसलो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. दुकानात पुस्तकं वाचणारं दुसरं कुणी येत नाही, म्हणून त्यांची माझ्यावर मर्जी आहे. मी कुठे निघालो ते सांगितलं, तेव्हा हातातला गज गादीवर ठेवून म्हणाले, "मास्तर, आमच्या लोकांनी गाव कसं पसंत केलं म्हाईत हाय का? बाजार कोन्त्या वारी भरतो अन् उन्हाळ्यात हिरीला पाणी ऱ्हातं का, बस. तुम्ही बी पाणी बघा. गोड हाय का खारं, एवढं बघा. बाकी सगळं बराबर बनून जातं."

मी म्हणालो, मी पाणीच बघायला चाललोय.

शामीरपेठ

घनसावंगीहून जीपने जालना, आणि संध्याकाळच्या गाडीने सिकंदराबाद. शेजारच्या काकूंनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की सकाळी सिकंदराबाद यायच्या थोडं आधी गाडी एका छोट्या स्टेशनाजवळ रेंगाळली. रुळांच्या कडेला जुनी चिंचेची झाडं, कौलारू बैठी घरं, कुंपणाला टेकवलेल्या सायकली. पाटी वाचायचा प्रयत्न केला, ती बोलारमची होती. नाव ध्यानात राहिलं.

पाटी वाचता आली, कारण ती हिंदीतही होती. स्टेशनाबाहेर पडल्यावर मात्र मी निरक्षर झालो. तेलुगू अक्षरं वाटोळी आणि सुबक, डोळ्यांना गोड. पण औषधाचं दुकान कोणतं आणि खानावळ कोणती, हे मला आत डोकावून बघावं लागत होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवलं, त्याची अशी फजिती होणं तब्येतीला बरं असतं, असं मी सुजाताला म्हणालो. ती हसली. आई गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बसमध्ये आणखी एक गंमत झाली. आमच्याकडे एसटीत माझं वय बघून अर्धं तिकीट मिळतं. इथे बायकांना तिकीटच पडत नाही. वाहकाने सुजाताचं कार्ड बघून तिच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले. मी माझं ज्येष्ठत्व सिद्ध करायला लागलो, तर तो म्हणाला, "महाराष्ट्र में बुड्ढे होंगे साब, इधर जवान हो."

वसतिगृहाच्या आत पुरुषांना परवानगी नव्हती. मी दारातल्या बाकावर बसलो आणि भिंतीवरच्या नावांच्या पाट्या वाचत राहिलो. इंग्रजीत होत्या, म्हणून वाचता आल्या. सुजाताच्या खोलीच्या क्रमांकासमोर 'एम. सुजाता' असं होतं. मी त्याबद्दल विचारलं. तिने सांगितलं, की इथे सगळे आडनाव एका अक्षरात लिहितात, तशी पद्धतच आहे. बाकीच्या पाट्याही तशाच होत्या.

माझ्या राहण्याची सोय तिने जवळच्या एका लॉजमध्ये केली होती. त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका चुली मांडून ज्वारीच्या भाकरी थापताना दिसल्या आणि मी थबकलो. इकडे तिला जोन्न रोट्टे म्हणतात. थापण्याचा आवाज मात्र तोच. सोबत घेतलेली भाजी तोंडात घातली तर आंबाडी, फक्त आमच्यापेक्षा तिखट. इकडे तीच गोंगुरा. परक्या मुलखात पहिल्या दिवशी पोट घरी पोचलं, आता बाकीच्याने पोचायचं होतं.

कोंपल्ली

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंपल्लीला गेलो. सुजाताच्या मते हे सगळ्यांत सोयीचं. रुंद रस्ता, मोठे दवाखाने, आणि मान उंच करून बघावे लागतील असे मनोरे. दलाल तरुण आणि चटपटीत होता. प्रत्येक ठिकाणी आधी पोहण्याचा तलाव दाखवायचा. मी त्याला म्हणालो, की मला पोहता येत नाही, तर म्हणाला, "देखने का तो आता ना अंकल."

पहिल्या मनोऱ्यात, बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून लांबवर नुसती इमारतींची अर्धवट हाडं दिसत होती. खाली भाड्याच्या घरांचं बघणाऱ्या मुलीपुढे मी उभा राहिलो. पूर्ण नाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं, आणि प्यायला पाणी मागितलं. मुलीने खाली वाकून एक छोटी सीलबंद बाटली माझ्यापुढे धरली. बाटलीवर त्याच मनोऱ्याचं चित्र छापलं होतं. तिने माझ्या नावाकडे लक्षच दिलं नव्हतं. सुजाताला विचारत होती, किती खोल्यांचं पाहिजे.

दुसऱ्या मनोऱ्यात तसंच झालं. तिसऱ्यातही. जेवणाच्या वेळेपर्यंत माझी पिशवी बाटल्यांनी जड झाली.

"पप्पा, तुमची परीक्षा सगळेच पास होऊन राह्यले," सुजाता म्हणाली.

मी म्हणालो, ही परीक्षाच नव्हे. सील फोडायचं काम माझंच असेल तर समोरच्याने काय केलं? विमल असती तर तिने काय केलं असतं, याचा मी परतीच्या रिक्षात विचार करत होतो. मला वाटतं तिने त्या मुलीला तिचं गाव विचारलं असतं. मला ते सुचलं नाही. मी नुसता पाण्याकडे बघत होतो.

घटकेसरच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी रिंग रोडने पूर्वेला गेलो. इथे एका कॉलनीत बैठी घरं होती, प्रत्येकापुढे तुळशी आणि एक-दोन शेवग्याची झाडं. कॉलनीचं नाव लिहीत नाही. घर छान होतं. खिडकीखाली माझं टेबल कुठे राहील, हे माझं मनात मांडूनही झालं होतं. कॉलनीचे सचिव स्वतः भेटायला आले. साठीचे गृहस्थ, पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं अदबीचं. आम्ही शाकाहारी आहोत का, असं त्यांनी विचारलं. सुजाताने सरळ सांगितलं, नाही. ते म्हणाले, हरकत नाही, बाहेर खात जा. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आप लोग कौन होते?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यावरून त्यांना काही कळलं नाही. मग मी म्हणालो, "हम बौद्ध हैं."

"वो तो धरम हुआ साब," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "उसके पहले?"

चाळीस वर्षं भाषा शिकवली, आणि तोंडातून शब्द फुटेना. सुजाता पुढे झाली, "थँक्यू अंकल" म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. पाणी मागायचा प्रश्नच आला नाही.

बसथांब्यावर सावली नव्हती. सुजाता रस्त्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "म्हणून मी एम लावते, पप्पा."

मी म्हणालो, तुझ्या आईने कधी लावलं नसतं.

हे बोलायला नको होतं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज चढला नाही. "आई घर मिळवायला पाणी मागायची. एकदा बी घर सोडायला न्हाई मागितलं. ती माणसाला संधी द्यायची. तुम्ही ज्याला त्याला नापास करायलाच मागून राह्यले. म्हणजे मंग घनसावंगीला परत जायला मोकळे."

बस आली. तिला शून्याचं तिकीट, मला पूर्ण. या वेळी वाहकाशी कुणी काही बोललं नाही. मी खिडकीतून बघत होतो आणि ती म्हणाली ते खरं आहे का, हे तपासत होतो. अर्धं तरी खरं होतं. परत जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पण घर रिकामं झाल्यावर माणसाला त्याच रिकाम्या घराची सवय होते. ती सवय माझ्या नकळत माझ्या बाजूने बोलत होती.

उतरताना मी तिला म्हणालो, उद्या बोलारमला जाऊ.

"तिथं काय हाय? जुनी घरं. लिफ्ट बी न्हाई."

मी म्हणालो, जालन्याची गाडी तिथून जाते.

बोलारम

बोलारम छावणीच्या अंगाचं जुनं गाव आहे. शहर वाढत आलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेलं, असं वाटतं. गल्ल्यांवर चिंचा आणि कडुनिंब वाकलेले, चर्चचा एक लहान पांढरा मनोरा, लष्करातून निवृत्त झालेली म्हातारी माणसं चहाच्या दुकानात वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचणारी. मीही एक पान मागून घेतलं आणि तेलुगू आहे हे बघून परत दिलं. शामीरपेठला जाणारी बस इथून मिळत होती. सुजाताने हे पाहून ठेवलं.

इकडे भाड्याच्या घराच्या फाटकाला टू-लेटची पाटी टांगतात. एका कडुनिंबाखालच्या फाटकावर ती होती. आत व्हरांड्यात खाटेवर एक म्हातारी बाई आंबाडी निवडत बसली होती. काळीसावळी, सुती साडी, नाकात छोटी चमकी. मी भाजीकडे बोट दाखवून म्हणालो, की आमच्याकडे हिला आंबाडी म्हणतात. "हमारे इधर गोंगुरा," ती म्हणाली. "नाम अलग, खट्टापन एक." मग तिने वरची जागा दाखवली. दोन खोल्या, समोर गच्ची, गच्चीवर कडुनिंबाची सावली. भिंतीत पुस्तकांसाठी केल्यासारखे कोनाडे. सुजाताने माझ्याकडे पाहिलं. तिला ते कोनाडे दिसले होते.

खाली आल्यावर मी उभा राहिलो. हे घर मला हवं होतं. "मेरा नाम उत्तम मगरे," मी म्हणालो. "मास्टर था. हम लोग बौद्ध हैं. अम्मा, पीने को पानी मिलेगा?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुजाताकडे, आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मागचं दार उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे दोन निळे ड्रम होते, झाकणाच्या कडेपर्यंत भरलेले. एकाच्या अंगावरून ओघळ आला होता. शेवटी ती बाहेर आली. दोन्ही हात रिकामे, पदराला पुसत.

"पानी नै है, साब."

जालन्याला नळ किती दिवसांनी येतो, हे तिथे राहिलेल्यालाच माहीत. उन्हाळ्यात आम्ही तांब्या मोजून आंघोळ करतो. पण आल्या माणसाला पाणी नाही, असं भरल्या ड्रमाशेजारी उभं राहून कुणी म्हणत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते सचिव, तो प्लास्टिकचा पेला, विमल, सगळं एकदम समोर आलं. मी पिशवीतून मनोऱ्याचं चित्र असलेली एक बाटली काढली, खाटेवर आंबाडीच्या शेजारी ठेवली, आणि म्हणालो, "मेरे पास है." आणि फाटकाबाहेर पडलो.

इतक्या वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. गल्लीतून ताडताड चालताना मला बरं वाटत होतं. चिंचेपर्यंत पोचलो तोच चपलेचा अंगठा तुटला. सुजाताने पर्समधून सेफ्टी पिन काढली आणि खाली बसून तो जोडायला लागली. मान वर न करता म्हणाली, "तिचा चेहरा पाह्यला का तुम्ही?"

मी पाहिला नव्हता. तेवढ्यात मागून हाक आली. म्हातारी येत होती, भर उन्हात, अनवाणी, हातात ती बाटली.

"ये काइकू छोड़ के आये?" तिला धाप लागली होती. "मेरे घर का पानी नै पीना था तो माँगे काइकू?"

मी काही बोलायच्या आत तिने बाटली माझ्या हातात कोंबली. "ऊपर जो पहले थे, वो भी ऐसाइच करते थे. अपना पानी अपने साथ. मेरे मटके को कभी हाथ नै लगाये. तुम तो माँगे, मेरेकू अच्छा लगा. फिर तुम भी अपना निकाले."

सुजाता उभी राहिली. "लेकिन अम्मा, आपनेच बोला ना, पानी नहीं है."

"पीने का नै है!" ती म्हणाली. "कैनवाला दो दिन से नै आया. ड्रम में बोर का है, खारा. उसमें बर्तन धोते. पीछे के घर में पूछी, उनके पास भी नै. पहली बार घर में आये आदमी को बोर का पानी देती क्या मैं?"

चिंचेखाली मी एका पायात चप्पल घालून उभा होतो. मला घनसावंगीतला एक दुष्काळी उन्हाळा आठवला. शाळा तपासायला आलेले एक साहेब अचानक घरी आले होते, आणि आमच्या ड्रममध्ये टँकरचं गढूळ पाणी होतं. आमच्याकडे तेव्हा दोन प्रकारचं पाणी असायचं, वापरायचं आणि प्यायचं, आणि प्यायचं संपलं होतं. साहेबांनी ड्रमाकडे बघत पाणी मागितलं. विमलने त्यांना तसंच बसवून ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेली. कितीतरी वेळाने शेजारून पितळेचा तांब्या भरून, वर ताटली झाकून घेऊन आली. तेवढ्या वेळात साहेबांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केला नव्हता. या बाईनेही तेच केलं होतं. फक्त हिच्या शेजारीही पाणी नव्हतं.

"माफ करना अम्मा," मी म्हणालो. "मैं समझा, नाम सुनके नहीं दिया."

तिने मला नीट न्याहाळलं. मग तिचा राग थोडा उतरला असावा, कारण ती तोंड वाकडं करून म्हणाली, "तुम अपना नाम बोले. धरम भी बोले. मास्टर थे वो भी बोले. मेरा कुछ पूछे?"

नव्हतं विचारलं. कोंपल्लीतही नाही, कॉलनीतही नाही. विमल विचारायची की नाही, हे मी आठवायला लागलो, आणि आठवलं, की ती भाडं ठरवायच्या आधीच मालकिणीचं माहेर कुठलं इथपर्यंत पोचलेली असायची. माझ्या लक्षात फक्त नाव आणि पाणी राहिलं होतं, मधलं सगळं गळून गेलं होतं.

"आपका नाम?" मी विचारलं.

"सारम्मा. मिलिटरी के दवाखाने में आया थी, अब घर में. हम चर्चवाले." मग म्हणाली, "उसके पहले क्या थे, वो मत पूछो. तुम जो थे, वोइच."

सुजाताला हसू फुटलं. आधी तिने तोंडावर हात धरला, मग धरवेना. सारम्मा तिच्याकडे बघत राहिली आणि मग तीही हसली. काल कॉलनीत सचिवांनी काय विचारलं, ते मी सारम्माला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, "बोर के पानी की चाय बनती क्या?"

"बनती. पर खारी लगती."

"चलेगी," मी म्हणालो.

आम्ही परत गेलो. सारम्माने तीन स्टीलचे पेले काढले, तिन्ही सारखे, आणि स्वतःही आमच्यासोबत खाटेवर बसली. चहा खरोखर खारट होता. साखर भरपूर घातल्यामुळे आधी गोड लागायचा आणि मग जिभेच्या कडेला मीठ रेंगाळायचं. सुजाताने पहिल्या घोटाला डोळे मिटले, पण पेला खाली ठेवला नाही. मी सगळा प्यालो आणि आणखी अर्धा मागितला. सारम्मा म्हणाली, की दुसरा पेला मागणारा भाडेकरू तिला अजून भेटला नव्हता.

मग तिने सुजाताला नाव विचारलं.

"सुजाता मगरे," सुजाता म्हणाली.

भाड्याचं बोलणं लवकर झालं. पण निघायच्या आधी सारम्माने आपली एक अट सांगितली, आणि त्या वेळी ती घरमालकिणीसारखी ताठ बसली होती. "पीने का पानी एकइच जगह रहेगा, नीचे, मेरे मटके में. कैन आधा तुम्हारा, आधा मेरा. जिसको प्यास लगी, उतर के लेना. ये मंजूर है तो सामान लाओ."

तिचीही एक परीक्षा होती तर. आणि ती पहिल्याच दिवशी पास-नापास ठरेल अशी नव्हती. ती रोज द्यावी लागणार होती. सुजाता माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी सारम्माला हो म्हणालो.

परत घनसावंगी

चावी सुजाताकडे ठेवून मी सामान न्यायला परत आलो. गाडी बोलारमवरून जाताना चिंचेच्या ओळीमागे सारम्माचं घर दिसतंय का, म्हणून दाराशी उभा राहिलो. दिसलं नाही, कडुनिंबाचा शेंडा तेवढा दिसला.

शांतिलालजी दुकान उघडत होते. मी पायरीवर बसलो. त्यांनी आधी विचारलं, "मंग? पाणी कसं हाय तिथलं?"

"खारं हाय," मी म्हणालो.

त्यांचा हात कुलपावरच राहिला. "आन् मंग?"

"घर घेतलं."

त्यांनी कुलूप काढलं. सामान बांधायला लागलं तर आपल्या दुकानातली कापडाची रिकामी खोकी न्या, एवढं म्हणाले.

पुस्तकं त्या खोक्यांत भरून झाली आहेत. भांडी शेजारच्या काकूंनी पोत्यात बांधली. विमलचा पितळेचा तांब्या मात्र मी पोत्यात घालू दिला नाही. तो चिंचेने घासून ठेवलाय, हातातच नेणार आहे. त्याची जागा वरच्या खोल्यांत नाही. खाली, सारम्माच्या माठाशेजारी ठरली आहे.